सागाची पट्टी

"काका, जुन्या बाजारातून गिटार घेतलीय. लाकूड अस्सल आहे की दुकानदाराने मला टोपी घातली?" मुलीने एका दमात विचारलं.

गिटार बनवणाऱ्या म्हाताऱ्याने बोटांनी टकटक केलं, कडा न्याहाळल्या. "वर देवदार, पाठ शिसवाची. पोरी, लॉटरी लागली गं तुला!"

मग त्याने आत छोटा आरसा सरकवला आणि हात तिथेच थबकला. पाठीला आतून सागाची पट्टी होती. गिटारीत साग कुणी लावत नाही. त्याने मात्र एकदाच लावला होता, मुलाच्या पाळण्यातून काढलेला, मुलाला दिलेल्या गिटारीत.

ती गेल्यावर त्याने परगावी मुलाला फोन लावला, सहज गिटारीचं विचारलं.



"अहो बाबा, रोज वाजवतो! आत्ताच खाली ठेवली."