दोन हजार डिग्री

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं. पीएचडीच्या खुल्या मुलाखतीत हे विचारावंच लागतं, आणि सहसा कुणी काही विचारत नाही.

शेवटच्या बाकावरून हात वर झाला. व्यासपीठावरून सिद्धेश्वरीनं तिकडं पाहिलं. अप्पा, तिचे वडील! चिंचोळीच्या फौंड्रीतून पाळी संपवून थेट आलेले, अंगावर तोच काळपट युनिफॉर्म, मांडीवर पेढ्यांची पिशवी. बारानंतर, सगळं आटोपल्यावर या म्हणून तिनं चारदा बजावलं होतं. ऐकतील तर शपथ.

"मंगळावर लई उंच हवेत इलेक्ट्रॉन दोन हजार डिग्री तापत्यात म्हणलात. मग तितं हात घातला तर भाजंल का न्हाय?"

मागं दोघं-तिघं फिसकन हसली.

"हे कोण?" परीक्षकांनी हळूच विचारलं.

"आमच्या गल्लीतले आहेत," ती बोलून गेली. कॉलरला माइक लावलाय हे तिच्या ध्यानातच नव्हतं. वाक्य हॉलभर ऐकू गेलं.

अप्पांचा हात सावकाश खाली आला.

"भाजणार नाही," ती घाईनं म्हणाली. "एकेक इलेक्ट्रॉन भयंकर तापलेला असतो, पण तिथं ते इतके विरळ, की हाताला ऊबसुद्धा लागायची नाही."

"म्हंजे ग्राइंडरच्या ठिणग्यांवानी," अप्पा म्हणाले. "रोज हातावर पडत्यात की. लालभडक असत्यात, पण भाजत न्हाय. तेवढंच तापलेलं मूठभर लोखंड पडलं, तर हातच जायचा."

परीक्षकांनी चष्मा काढला. "हिला चार पानांत जमलं नाही, ते तुम्ही एका दमात सांगितलंत."

टाळ्या पडल्या. आत्ता सांगावं, हे माझे वडील. पण जीभ रेटेना. मघाशी तिला त्यांची लाज वाटली होती. आता स्वतःची वाटत होती, आणि या लाजेचा चटका काही केल्या निवेना.

निकाल जाहीर झाला. सिद्धेश्वरी डॉक्टर झाली. सगळे फोटोला उभे राहिले.

"घरचं कुणी आलंय का? बोलवा की त्यांना," परीक्षक म्हणाले.

"सर, ते..." तिनं कसंबसं तोंड उघडलं.

तोवर अप्पा पुढं आले होते. पेढ्यांची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, हात पँटला पुसले. "द्या मोबाईल हिकडं, मी काढतो. मी आपला गल्लीतला हाय."

घरात तिला लाडानं 'अव्वा', म्हणजे आई, म्हणून हाक मारणाऱ्या अप्पांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला.

"म्याडम," ते म्हणाले, "जरा हसा की."