पटायातला जिना

“अहो अण्णा, जा बिनधास्त! इथं भाषा लागतेय कुणाला?” असं म्हणत सहलीतल्या दोस्तांनी सोपानरावांना पटायातल्या मसाज पार्लरच्या दारातून आत लोटलं. एवढ्या लांब परमुलखात कोण बघतंय, असं मन म्हणत होतं आणि छातीत मृदंग घुमत होता.

एका हसऱ्या बाईनं काहीतरी न कळणारं बोलत त्यांचा हात धरला आणि जिना दाखवला. पहिल्याच पायरीपाशी, झेंडूच्या माळेत, चक्क गणपती बसलेला! सोपानराव दचकले. हात सुटला, टाळी वाजली आणि कीर्तनात कमावलेला आवाज आरतीत मोकळा झाला.

बाई आधी चकित झाली, मग स्वतःही हात जोडून मैत्रिणींना हाका मारू लागली. त्या धावत आल्या, टाळ्या वाजवू लागल्या.

बाहेरून दोस्त ओरडले, “अण्णा, जिना चढलात का?”

“अरे, चढतोय कसला! आत या सगळे, मंत्रपुष्पांजली राहिलीय!”