समोरचा पंखा

शाळेतले विज्ञानाचे सर दुरुस्तीला टाकलेला आपला टेबलफॅन न्यायला पाचव्यांदा दुकानात आले, तेव्हा पंखेवाल्याला ब्रह्मांड आठवलं. ‘उद्या नक्की’ म्हणत आठ दिवस गेले होते आणि पंखा होता तसाच कोपऱ्यात पडून होता. पण त्याच्यासमोरच दुकानातला मोठा पंखा भरधाव चालू होता, आणि त्याच्या वाऱ्याने सरांच्या पंख्याची पाती आपसूक गरगरत होती.

“अरे वा, फिरतोय की! झाला वाटतं?” सर हरखून म्हणाले.

नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. “हो सर, कालच झाला. आणि तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे!”

सर पंखा पोटाशी धरून गेले. ‘आणतील परत, तेव्हा बघू,’ असं म्हणत तो टेबलाकडे वळला आणि गारच पडला. सरांच्या पंख्याची वायर प्लगसकट तिथेच पडली होती. पहिल्याच दिवशी त्याने ती काढून ठेवली होती.

एक वस्तू दुसरीला न शिवता कशी फिरवते, हे सातवीत दोन पंखे समोरासमोर ठेवून याच सरांनी त्याला शिकवलं होतं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वायर घेऊन तो धावतच सरांच्या घरी गेला आणि दारात मान खाली घालून उभा राहिला. त्याने नुसती वायर पुढे केली.

सर आत वळून बायकोला म्हणाले,

“बघ, म्हटलं नव्हतं, वायर घेऊन येईल म्हणून? माझा विद्यार्थी आहे तो.”