पुलावरचा राक्षस

"बुटका लोहार घे," वहिनी म्हणाली. "कुऱ्हाड आहे बघ त्याच्याकडे. तुला शोभेल."

धाकट्यानं मान हलवली आणि कागदावर बुटक्याचं नाव लिहायला घेतलं. वहिनीनं सुटकेचा निःश्वास टाकला. निदान हातात पेन्सिल तरी धरली!

जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसली होती. रविवारची दुपार. बेकरीवाला नकाशा पसरत होता. त्याच्या शेजारी वकीलबाई फासे लावत होत्या. दोघंही या खेळातले मुरलेले. दहा वर्षं याच टेबलावर खेळले होते, तेव्हा खेळ चालवायचा तो वहिनीचा नवरा. तो जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून फासे कपाटात होते.

वहिनी आणि तिचा धाकटा दीर, दोघं अगदी नवखे.

"सोपं आहे," बेकरीवाला म्हणाला. "गोष्ट मी सांगणार. त्यात तुमचं पात्र काय करतं ते तुम्ही सांगायचं. जमलं की फसलं, ते हा वीस बाजूंचा फासा ठरवणार. मोठा आकडा आला की जमलं."

"आणि फसलं तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर मजा," वकीलबाई म्हणाल्या.

हा सगळा घाट वहिनीनं घातला होता, धाकट्यासाठी. भाऊ गेल्यापासून पोरगा पार खचला होता. लिफ्टदुरुस्तीचं चांगलं काम होतं त्याचं, पण दोन महिने कामावर पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर बाहेरच्या खोलीत, दाढी वाढवून. एकटं राहवायचं नाही त्याला. ती भाजी आणायला निघाली की हा चपला घालून मागे. त्याच्याकडे लक्ष द्यायला म्हणून तिनंही वाचनालयातून रजा घेतली होती. डॉक्टरीणबाईंकडे दोघं जाऊन आले. बाईंनी त्याला दोन प्रश्न विचारले आणि उरलेला अर्धा तास तिच्याशीच बोलत बसल्या. बरोबरच आहे, सांभाळायचं घरच्यांनाच असतं.

मग तिला हा खेळ सुचला. भावाचा खेळ, भावाचे दोस्त. त्या निमित्तानं तरी चार शब्द बोलेल. तिनं बेकरीवाल्याला फोन केला. तो फोनचीच वाट बघत असल्यासारखा लगेच हो म्हणाला.

"तर," बेकरीवाल्यानं आवाज खाली आणला, "समोर दरी. दरीवर एकच पूल. पुलावर राक्षस आडवा पसरलाय, पाय या टोकापासून त्या टोकापर्यंत. काय करता?"

"मी धनुष्य ताणते," वकीलबाई म्हणाल्या. त्या तिरंदाज होत्या.

"आणि बुटका?"

धाकट्यानं विचार केला. "बुटका झाडामागे लपतो."

"एवढी मोठी कुऱ्हाड घेऊन?" वहिनी म्हणाली.

"कुऱ्हाडही लपवतो."

वकीलबाई फिसकन हसल्या. वहिनीला मात्र धस्स झालं. खेळातसुद्धा हा लपूनच बसणार!

"अरे, पुढं हो की. कुऱ्हाड काय लाकडं फोडायला दिलीय?"

"भीती वाटते गं बुटक्याला. वहिनी, तूच बोल ना त्या राक्षसाशी. तू जादूगारीण आहेस."

"मला एकच जादू येते. दिवा लावायची."

"मग लाव. मी तुझ्या मागे आहे."

तिघंही तिच्याकडे बघत राहिली. वहिनीला अवघडल्यासारखं झालं. पण माघार घेतली असती तर धाकटा पुन्हा कोशात गेला असता. तिनं पदर खोचला, पाठ ताठ केली आणि वाचनालयात गोंगाट करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला.

"अहो! पाय आत घ्या. येण्याजाण्याची वाट आहे ही. झोपायचं असेल तर घरी झोपा."

 मग बेकरीवाल्यानं फासा तिच्यापुढे सरकवला. "टाका."

फासा गडगडत गेला, पाण्याच्या तांब्याला आपटला आणि थांबला. वीस.

"वीस!" धाकटा खुर्चीतून उडालाच.

बेकरीवाला राक्षस झाला. खांदे पाडून, भल्यामोठ्या आवाजात पुटपुटला, "माफ करा हं बाई. डोळा लागला होता." आणि त्यानं आपला पाय टेबलाखाली असा ओढून घेतला की गुडघा आपटून तो खरोखरच कळवळला.

वहिनीला हसू फुटलं. दाबायला गेली तर जास्तच फुटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसता हसता उचकी लागली. धाकट्यानं पाणी पुढं केलं. तोही हसत होता, अगदी खदाखदा. वकीलबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही. बुटका दोनदा चिखलात पडला. जादूगारणीनं एका भुताला रांगेत उभं केलं. चहा झाला, बेकरीवाल्यानं आणलेली बिस्किटं संपली. वहिनी मधेमधे धाकट्याकडे बघायची. चेहरा उजळला होता त्याचा. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं तिला.

ऊन कलल्यावर पाहुणे निघाले. दाराशी तिनं वकीलबाईंना हळूच म्हटलं, "बघितलंत ना, कसा खुलला?"

वकीलबाईंनी तिचा हात घट्ट दाबला. "बघितलं. पुढच्या रविवारी येतोच आम्ही."

वहिनी गुणगुणतच कप गोळा करायला लागली. बाल्कनीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. धाकटा फोनवर बोलत होता.

"साहेब, उद्यापासून कामावर येतो... छे हो, मला कुठं काय झालंय, मी ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, त्यांना एकटं सोडू नका, म्हणून रजा वाढवत होतो... हो. आज हसली वहिनी."