सातहिरीचे हिरे

खोदयंत्र गावातल्या शेवटच्या विहिरीपाशी आलं, तेव्हा सरपंच अनसूयाबाई काठावर मांडी घालून बसल्या होत्या.

"उठा बाई," यंत्रासोबत आलेले पारसनीस साहेब म्हणाले. "नकाशात इथं हिऱ्यांची खाण आहे. गावाचं नावच सातहिरे!"

"सातहिरी, साहेब. आमच्यात विहिरीला हीर म्हणत्यात. सात हिरी होत्या, सहा तुम्ही फोडल्या. गावला का एक तरी हिरा?"

साहेबांनाही ते कळत होतं. पेशवाईतल्या लढायांचा तो गाजलेला संगणकावरचा खेळ रचताना कुणा शुद्धलेखनवाल्याने गावाच्या नावातली वेलांटी सुधारून मात्रा केली होती, आणि खेळात इथं हिऱ्यांची खाण आली. पुढे खनिजं शोधणारं हे सरकारी यंत्र त्याच खेळाच्या नकाशावर शिकलं, कारण इतका बारीक नकाशा दुसरा नव्हताच.

"बाई, लाखो पोरांनी इथून हिरे काढलेत. यंत्र त्यांचं ऐकणार की तुमचं?"

"त्यातल्या एकाला तरी तहान लागली का?"

साहेबांसोबतच्या शिपायांनी बाईंना उचलून बाजूला केलं. विहीर फुटली आणि पाणी चिखल होऊन उताराला लागलं. हिरा निघाला नाही. आता तरी यंत्र चूक कबूल करील, म्हणून दोघंही त्याच्या पडद्याकडे बघत राहिले.

'खाण संपली. वस्ती उठवा.'

"खेळातला नियम आहे," साहेब पुटपुटले. "रिकाम्या खाणीवर वस्ती पोसत नाहीत."

"अहो, पण खाण होती कवा?" बाई ओरडल्या.

वस्ती उठवायच्या गाड्या वेशीतून आत येत होत्या.

"हळू बोला, बाई," साहेब म्हणाले. "गाव बंड करतंय असं यंत्राला वाटलं, तर त्याचाही नियम आहे."