आहे त्या स्थितीत

निवृत्त झाल्यापासून नवरा रोज सकाळी गॅरेजमधल्या जुन्या, लांबलचक स्टेशन वॅगनखाली शिरायचा. "हिला पुन्हा नव्यासारखी करतो की नाही बघ," म्हणायचा. पत्र्याला भोकं पडली, सीटमधला स्पंज बाहेर आला, पण गाडी काही जागची हलली नाही. शेवटी बायकोनंच वैतागून जाहिरात दिली, "आहे त्या स्थितीत विकणे आहे."

एक जोडपं बघायला आलं. तो गृहस्थ आल्या आल्या गाडीखाली शिरला, त्याच्यामागोमाग नवराही. बाहेर नुसते चार पाय उरले.

बायकोला त्या बाईची दया आली.

"खरं सांगू? नेऊ नका हे भंगार. आमच्या ह्यांना साधा स्क्रू पिळता येत नाही, आणि तुमचेही त्याच माळेतले दिसतात."

"ते का मला माहीत नाही?" ती बाई म्हणाली. "पण दुकान बंद केल्यापासून घरीच असतात. दिवसभर ओट्याशी उभे राहून मला कांदा चिरायला शिकवतात. त्यापेक्षा गाडीखाली पडलेले बरे!"

बायको क्षणभर त्या चार पायांकडे बघत राहिली. मग वाकून तिनं त्यातला आपल्या नवऱ्याचा पाय हलवला.



"अहो, त्यांना सांगा, गाडी विकायची नाही."