बापाचा रिपोर्ट

"मूठ आवळा, सर," सहायिका म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. तिला रक्त काढायला त्यानेच शिकवलं होतं.

लॅबचा मुख्य तंत्रज्ञ एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच या खुर्चीत बसला होता. खुर्चीचा डावा हात डगमगतो अशी तक्रार लोक का करतात, हे त्याला आज कळलं.

त्याची बायको दाराशी उभी होती. बसा म्हटलं तरी बसली नव्हती. वरच्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डात, त्यांची सहा वर्षांची लेक गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. या वर्षातलं हे तिसरं दुखणं. या वेळी ते छातीत उतरलं होतं, म्हणून नाकाला ऑक्सिजन होता. उशाशी आजी, म्हणजे त्याची आई, बसली होती. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं निदान झाल्यापासून आजीने दोन गोष्टी नेमाने पाळल्या होत्या: नातीचे पाय चेपणं आणि सुनेशी न बोलणं. बोललीच, तर टोचेल इतकंच.

सकाळी नव्या डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली. आईचा रिपोर्ट: वाहक. वडिलांचा, लग्नाआधीचा: नॉर्मल. दोनदा पानं मागेपुढे करून त्या म्हणाल्या, "वडिलांची तपासणी पुन्हा करून घेऊ. काही नाही, आपली एक खात्री." डॉक्टर 'काही नाही' म्हणतात तेव्हा नक्की काहीतरी असतं, एवढं लॅबवाल्याला कळतं.

सुई शिरली. नळी भरू लागली.

"ताई, एक विचारू?" बायको सहायिकेला म्हणाली. "एक जण वाहक आणि दुसरा नॉर्मल असेल, तर मुलीला हा आजार होतो?"

"छे हो, वहिनी." सहायिकेने नळीवरची नजर न हलवता पाठ केलेलं म्हणून दाखवलं. तेही त्यानेच पाठ करून घेतलं होतं. "आजार व्हायला दोन्हीकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर मूल फक्त वाहक, त्याला त्रास नाही. दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक धोका. वडील नॉर्मल असतील तर प्रश्नच…"

'येत नाही' हे शब्द तिच्या तोंडातच राहिले. प्रश्न आला होता. तिने सरांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींकडे जरा जास्त वेळ. मग ती नळीला लेबल चिकटवण्यात गढून गेली. लेबल एवढंसं होतं, पण तिला बराच वेळ पुरलं.

ही नजर त्याच्या ओळखीची होती. सकाळी डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत ती सभ्य वेष्टणात होती, आईच्या डोळ्यांत वेष्टणाशिवाय. वॉर्डातल्या सिस्टरने तर त्याला न मागता चहा आणून दिला होता. बिचारा, असा तो चहा होता. आणि तो त्याने प्यायलाही होता.

"आई हेच म्हणतात," बायको म्हणाली. "परवा म्हणाल्या, आमच्या घराण्यात हे नव्हतं, कुठून आणलंस ते तुझं तुलाच ठाऊक."

"कधी म्हणाली?"

"तुम्ही तिथेच होतात. पेपर वाचत होतात."

त्याने कोपराच्या खळगीतला कापूस दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"तो जुना रिपोर्ट," तो म्हणाला. "त्यावर सही माझी आहे. रक्त माझं नव्हतं."

सहायिकेच्या हातातली नळी हवेतच राहिली.

"मग कोणाचं?" बायकोने विचारलं. भाजी कुठून आणली असं विचारावं, तसं.

"शिपायाचं. हिमोग्लोबिन बघतो म्हणून घेतलं." शिपाई तेव्हाच दोन मुलांचा बाप होता, नॉर्मल असल्याचा त्याला स्वतःला काडीचाही उपयोग नव्हता. "तुझ्या बाबांना माझा रिपोर्ट हवा होता. तुझा भाऊ याच आजाराने गेलेला. मीही वाहक आहे हे कळलं असतं, तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. आणि मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"चारात एक. म्हणजे चारात तीन वेळा काही होत नाही."

हे गणित त्याने शेकडो जोडप्यांना समजावलं होतं. लोकांना समजावताना तो 'एक'वर बोट ठेवायचा. स्वतःपुरतं 'तीन'वर ठेवलं होतं.

ती आता ओरडेल किंवा रडेल, असं त्याला वाटलं. लेकीच्या जन्मापासून त्याने दोन्हींची तयारी करून ठेवली होती. यांपैकी काहीही झालं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं.

"माफ कर मला," तो म्हणाला.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मी काही केलेलं नाही, हे मला माहीतच होतं. लेकीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. आधी आईंना सांगा."

तिने त्याच्या खिशातून त्याचा फोन काढला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन त्याच्या हातात दिला. सहायिकेने उठून कोपऱ्यात घरघरणारं तपासणीचं मशीन बंद केलं. नीट ऐकू यावं म्हणून असेल.

वर एकदाच घंटी वाजली.

"हं, बोल रे," आईचा आवाज लॅबभर झाला. "निघालं का बायकोचं काही?"